आर्गपार्स: आंब्याच्या हंगामभर वापरल्यानंतर

आर्गपार्स म्हणजे टर्मिनलवर कमांडबरोबर लिहिलेले पर्याय वाचून देणारी, पायथनबरोबर येणारी लायब्ररी; पायथनवाल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी वापरलेलं असतं. मी मात्र ते टर्मिनलसाठी नाही, देवगडच्या आमच्या आंब्याच्या ऑर्डरी घेणाऱ्या चॅटबॉटसाठी लावलं. मुंबईचा चाकरमानी फोनवरून लिहितो, "--पेटी २ --पोच दादर". पायथनचंच शेलेक्स त्याचे तुकडे पाडतं, आर्गपार्स अर्थ लावतं. एप्रिल झकास गेला.

मे महिन्यात, ऐन गर्दीत, बॉट गप्प. कुणीतरी "--पेटी दोन" लिहिलं होतं. आकडा मिळाला नाही म्हणून या लायब्ररीने चूक माझ्या स्क्रीनवर छापली आणि एक्झिट कोड २ देऊन अख्खा प्रोग्रॅमच बंद केला. चुका पकडणारं ट्राय-एक्सेप्ट होतं की! पण प्रोग्रॅम बंद करणारा सिस्टिमएक्झिट 'एक्सेप्शन'च्या घराण्यातला नाही, तो थेट बेसएक्सेप्शनखाली येतो, त्यामुळे नेहमीच्या जाळ्यात सापडतच नाही. मी बागेत पेट्यांत गवत भरतोय, गिऱ्हाईक उत्तराची वाट बघतंय, आणि घरी लॅपटॉप ढिम्म. कुणी हेल्प मागितली तरी तीच तऱ्हा: मजकूर माझ्या टर्मिनलवर, मागणाऱ्याला काहीच नाही, वर दुकान बंद.

पायथन ३.९ पासून एक्झिट_ऑन_एरर आहे, म्हणजे चूक झाल्यावर बंद व्हायचं की नाही ते ठरवणारी सेटिंग, ते फॉल्स केलं की सुटलो असं वाटलं. कसलं काय! माझ्या ३.१० वर अनोळखी फ्लॅग ("--पेटी"सारखं डॅशचं नाव) आला किंवा सक्तीचा राहिला की हे महाशय तरीही उठून चालू लागायचे. शेवटी आर्ग्युमेंटपार्सरवरून स्वतःचा क्लास काढला, त्यातली चूक हाताळणारी एरर मेथड बदलून आपलं एक्सेप्शन फेकलं, आणि आपोआप हेल्प देणारं अ‍ॅड_हेल्प बंद केलं. चार ओळींचं काम, पण त्यासाठी भर हंगामात अर्धी रात्र गेली.

इथवर एकच तारा द्यायचं ठरलं होतं. पण काकीचा कीबोर्ड मराठी, आकडेही मराठी. ती "--पेटी ५" लिहिते आणि ते बिनतक्रार चालतं! श्रेय खरं मजकुराचा आकडा करणाऱ्या पायथनच्या इंटचं, त्याला देवनागरी आकडे मुळातच कळतात. फ्लॅगचं नावही मराठीत चालतं. "--पेट" एवढंच लिहिलं तरी पेटी ओळखतं. "--पे" वर मात्र अडतं, कारण माझ्याकडे "--पेमेंट"ही आहे. तिथे अडलेलंच बरं. तारे तीन.

हो-नाहीसाठी बूल टाइप मात्र देऊ नका. "--रोख नाही" लिहिलं तरी रोखच धरतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग त्याच्या लेखी खरी. आयफोनवर दोन डॅशची एक लांब रेघ होते, ती पार्स करण्याआधी बदलून घ्या. आणि डि'सोझा आडनाव आलं की शेलेक्स अवतरण मिटलं नाही म्हणून ओरडतं. ओरडू दे, निदान साधा व्हॅल्यूएरर देतं, पकडता येतो. आर्गपार्सने शेजारच्याकडून एवढं तरी शिकावं!

क्लिक या दुसऱ्या लायब्ररीवर जाऊन बघितलं. तेही आपणहून एक्झिट करतं, स्टँडअलोन मोड बंद करावा लागतो, शिवाय वेगळं इन्स्टॉल करा, अपडेट सांभाळा. पावसाळ्यात आमच्याकडे नेट लहर लागली तर येतं. पायथनबरोबर आयतं आलेलं टाकून ते कोण डाउनलोड करत बसणार? गणपतीत बहिणीच्या उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी यावरच घेणार आहे, तिच्या पार्सरची एरर मेथड आत्ताच बदलून ठेवली आहे.