फिरता पंखा : थांबवून उचलायचा की पळता पकडायचा?

लाईटचा झटका आला, म्हणजे ती क्षणभर जाऊन परत आली, की आयडी फॅनचा (बॉयलरमधला धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा) ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होऊन बंद पडतो, ही तक्रार नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात चहाच्या टपरीवरही ऐकू येते. ड्राइव्ह बिघडलेला नसतो. लाईट परत येते तेव्हा पंखा अजून हजारभर आरपीएमने पळत असतो आणि ड्राइव्ह मात्र शून्यापासून सुरुवात करू पाहतो. पुढे पळणारा रोटर (मोटरचा फिरता भाग) मग जनरेटर होतो आणि ऊर्जा उलटी डीसी बसमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्यात शिरते. 415 व्होल्टच्या लाईनवर एरवी 585 व्होल्टच्या घरात असलेली बस 800च्या आसपास पोचली की ड्राइव्ह हात वर करतो.

पंखा आपसूक थांबेपर्यंत टायमर लावणं हा एक मार्ग आहे, पण आमचा 37 किलोवॅटचा पंखा सुटला की थांबायला सहा-सात मिनिटं घेतो. चालत्या बॉयलरवर तेवढी सवड कोणाला असते? म्हणजे खरी निवड दोघांतच: डीसी ब्रेक मारून, म्हणजे मोटरला डीसी करंट देऊन थांबवायचा, नाहीतर फ्लाइंग स्टार्टने पळता पकडायचा.

डीसी ब्रेकवर मी दोन पावसाळे काढले. पॅनेलवाल्याने तसंच सेट करून दिलं होतं आणि कागदावर त्यात चूक काही नाही. करंट आणि वेळ, दोनच आकडे भरायचे. पंखा उलटा फिरत असला तरी बिघडत नाही. पंख्यातली सगळी ऊर्जा रोटरमध्येच जळते, म्हणून लागोपाठ दोन झटके आले की मोटरच्या बॉडीवर हात ठेववत नसे. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं.

नडला तो वेळेचा आकडा. पंधरा सेकंद ठेवले तर पूर्ण वेगातला पंखा तेवढ्यात थांबायचा नाही, पुन्हा ट्रिप. चाळीस ठेवले तर पंखा आधीच मंद झालेला असला तरी ब्रेक चाळीस सेकंद दाबून बसायचा, कारण आमच्या ड्राइव्हला रोटर थांबलाय की नाही हे कळतच नव्हतं. रात्रपाळीच्या ऑपरेटरला वाटायचं पॅनेल हँग झालं. तो स्टॉप-रिसेट-स्टार्ट करायचा आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला मला फोन. झटके येतात पावसातच, आणि पावसात कळव्याहून निघालं की विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी ठरलेलं. धडपडत पोचून मी स्टार्ट दाबायचो आणि पंखा गुपचूप चालू व्हायचा, कारण तोवर तो आपणहूनच थांबलेला असे. पोरांना वाटायचं साहेबांच्या हाताला गुण आहे.

फ्लाइंग स्टार्टमध्ये ड्राइव्ह बहुधा वरच्या फ्रिक्वेन्सीपासून खाली उतरत करंटवर नजर ठेवतो, रोटरचा वेग जुळला की तिथेच धरतो आणि व्होल्टेज हळूहळू चढवतो. आमच्याकडे हा खेळ काही सेकंदांत आटोपतो आणि पंखा थांबतच नाही. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये शोधायचा तर यास्कावा कंपनीच्या ड्राइव्हमध्ये तो बी3 गटात सापडेल, डॅनफॉसमध्ये 1-73, सीमेन्सच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये पी1200.

तोही हट्टी आहे, नाही असं नाही. पहिल्या दिवशी मी ऑटोट्यूनिंग (ड्राइव्हला मोटरची मोजमापं घेऊ देणं) टाळलं आणि दोनदा ओव्हरकरंट खाल्ला. मोटरमधलं उरलेलं फ्लक्स, म्हणजे चुंबकत्व, विरण्याआधीच सर्च (वेगाचा शोध) सुरू झाला तरी तेच होतं, म्हणून मी सुरुवातीला दोन सेकंद मोकळे सोडलेत. दोन्ही दिशांना शोधायचा पर्याय असेल तर तो चालू करा. एका ड्राइव्हवर दोन-तीन मोटरी असतील तर मात्र या वाटेला न गेलेलं बरं. हलक्या मशीनला सर्चच्या वेळी हिसकाही बसू शकतो. बर्नरच्या इंटरलॉकला, म्हणजे सुरक्षेच्या अटकावाला, आम्ही हात लावलेला नाही: पंखा पकडला गेला तरी पर्ज (भट्टीतला उरलेला गॅस हवेने बाहेर काढणं) झाल्याशिवाय ज्योत पेटत नाही. आणि लाईट आल्यावर पंखा न विचारता उठणार असेल, तर बेल्टचं काम काढताना आयसोलेटरला (लाईट तोडणारा मुख्य स्विच) कुलूप घाला, चावी स्वतःच्या खिशात. नुसती पाटी लटकवून भागत नाही.

तुमचा पंखा मिनिटभरात थांबत असेल तर डीसी ब्रेकने तुमचं भागेलही, मी नाही म्हणणार नाही. जड पंखा असेल आणि रात्रपाळीला कोणी जाणकार नसेल, तर मी पळता पकडीन.

कूलिंग टॉवरच्या पंख्याला मी अजून डीसी ब्रेकच ठेवलाय. वाऱ्याने तो बंद असताना उलटा घुमतो, पण हलका आहे, पाच सेकंदांत गप्प बसतो. आणि तिथे रात्री बटण दाबायला कोणी जात नाही.