पगारी माणूस की फ्रीलान्सर? तिखट-मसाल्याच्या धंद्यातला दीड वर्षाचा अनुभव

नागपुरात नंदनवनला घराच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं तिखट-मसाल्याचं काम चालतं. कळमन्याच्या बाजारातून मिरची आणायची, देठं काढून वाळवायची, दळायची, पाकिटं भरायची. पॅकिंगच्या चार बाया आणि डिलिव्हरीचा मुलगा पहिल्यापासून पगारावर आहेत. प्रश्न होता तो टेबलावरच्या कामाचा, म्हणजे लेबल, फोटो, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी, कुरिअर, हिशेब. पहिले आठ महिने हे सगळं मी फ्रीलान्सरकडून, म्हणजे नोकरीत नसलेल्या बाहेरच्या माणसांकडून, करून घेतलं. गेले दहा महिने एक मुलगी पूर्णवेळ आहे आणि काही कामं अजूनही बाहेर जातात.

फ्रीलान्सर घेतले कारण धंदा सीझनचा. फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत घरोघरी वर्षाचं तिखट भरतात, तेव्हा जेवायला फुरसत नसते. पाऊस लागला की पोळ्यापर्यंत सामसूम, मग दिवाळीचे गिफ्ट बॉक्स. जुलै-ऑगस्टमध्ये बसून पगार कुठून द्यायचा, ही भीती होती. सोशल मीडियावाल्याला महिन्याला ८,००० (१२ पोस्ट, ४ रील), ऑर्डरींना घरून उत्तरं देणाऱ्या मुलीला ५,०००, हिशेबाचे २,५००. डिझाइन लागेल तसं वेगळं. कागदावर हे फार छान दिसत होतं.

फेब्रुवारीत सावजी मसाल्याच्या २०० ग्रॅमच्या ५,००० पाकिटांची छपाई झाली. गठ्ठा फोडला तेव्हा पॅकिंगमधल्या मावशींनी जुनं आणि नवं पाकीट शेजारी धरलं आणि म्हणाल्या, "ताई, हा नंबर लहान दिसून रायला ना? जुन्यावर तर पट्टीच्या टोकापर्यंत जाते." मी बोट ठेवून मोजलं. एफएसएसएआय लायसनचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा, नंबर १४ आकडी असतो, पाकिटावर १३ होते. डिझायनरने माझ्या फोटोवरून तो हाताने टाइप केला होता आणि मी रात्री साडेअकराला मोबाइलवर बघून ओके म्हटलं होतं. चूक दोघांची. पण साडेचार रुपयांच्या हिशेबाने २२,५०० रुपये माझे गेले, आणि तेही ऐन सीझनच्या तोंडावर.

दुरुस्तीसाठी ओपन फाइल, म्हणजे डिझाइनमध्ये बदल करता येणारी मूळ फाइल, मागितली तर डिझायनरने त्याचे वेगळे ६,००० सांगितले. मला फार राग आला होता. ओळखीच्या वकिलांना विचारलं तेव्हा कळलं की तो चुकीचं बोलत नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असलेल्या माणसाने कामाचा भाग म्हणून केलेलं डिझाइन, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाचं असतं. फ्रीलान्सरने केलेलं डिझाइन मात्र लेखी हस्तांतर होईपर्यंत त्याचंच राहतं. त्या लेखी कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचं उलट आहे, तो वेगळं ठरलं नसेल तर पैसे देणाऱ्याचा. लोगो आणि लेबल बाहेरून करून घेणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचावं. आता माझ्या प्रत्येक कामाच्या कागदावर ओपन फाइल आणि सगळे हक्क कायमचे, ही ओळ असते आणि त्याचे पैसे दरातच धरलेले असतात.

त्या डिझायनरचीही एक बाजू आहे, ती लिहिलीच पाहिजे. दिवाळीच्या कामाचे त्याचे पैसे मी तीन महिने थकवले होते. त्याची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, होती. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे अशा माणसाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. पैसे थकवणाऱ्याचं काम तो घाईघाईत उरकणारच. आता मी निम्मे आगाऊ देते आणि उरलेले फाइल मिळाली त्याच दिवशी.

पण खरा खर्च या सगळ्यात दिसतच नाही. तो सांगण्याचा खर्च. ऑर्डरी बघणाऱ्या मुली आठ महिन्यांत तीन बदलल्या. प्रत्येकीला मिरच्यांच्या जाती पहिल्यापासून सांगायच्या, रंगाला ब्याडगी, झोंबायला तेजा, भिवापुरी महाग काहून आहे, कुणाला लसूण चालत नाही. प्रतापनगरच्या एका काकू दर वर्षी चार किलो तिखट नेतात. त्यांना ॲसिडिटी, म्हणून ब्याडगी जास्त टाकून देतो. तिसऱ्या मुलीला ते माहीत नव्हतं. साधं तिखट गेलं आणि काकूंनी पाकिटं परत पाठवली. त्या मुलीला तरी काय बोलणार, तिने आमची गिरणी कधी पाहिलीही नव्हती.

जूनमध्ये १६,००० वर पूर्णवेळ मुलगी ठेवली. ऑर्डरी, कुरिअर, इन्स्टाग्राम तिच्याकडे. पहिले दोन महिने मला पश्चात्ताप झाला, कारण ज्याची भीती होती तेच झालं, जुलैत काम नव्हतं. तिने मग स्वतःहून जुन्या वह्या आणि व्हॉट्सॲप चाळून ६४० गिऱ्हाइकांची यादी केली. कोण काय नेतं, शेवटचं कधी नेलं, कशाची तक्रार होती, सगळं एक्सेलमध्ये. सप्टेंबरात त्या यादीवरून फोन केले आणि दिवाळीचे निम्मे बॉक्स त्यातूनच गेले. कुठल्याही फ्रीलान्सरला मी हे काम सांगितलं नसतं, कारण ते करायला हवं हेच मला सुचलं नव्हतं. या सीझनला त्या काकूंचा फोन आला तर ही म्हणाली, "काकू, मागच्यासारखी ब्याडगी जास्त ना?" मी बाजूलाच उभी होते. त्या क्षणी १६,००० वसूल झाले असं वाटलं.

तोटेही आहेत. फेब्रुवारीत भावाच्या लग्नासाठी ती सहा दिवस सुट्टीवर गेली आणि मी रात्री दोनपर्यंत पत्ते लिहीत बसले. एकच माणूस असला की हा धोका राहतोच. दिवाळीला एक पगार बोनस दिला, टेबल आणि कॉम्प्युटरला ३८,००० गेले. वर्षाचा आकडा १६,००० गुणिले १२ कधीच नसतो. कायद्याचं ओझं मात्र वाटलं होतं तेवढं नाही. आम्ही सहाच जण आहोत, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) दहा माणसांपासून आणि पीएफ वीसपासून लागतो. ईएसआय लागू झालं तरी पगाराच्या सव्वातीन टक्के मालकाचे, पाऊण टक्का कामगाराचा, आणि त्यात घरच्यांच्याही दवाखान्याची सोय होते. ओळखीतले काही जण माणसाला रोज दहा ते सहा बसवतात, सुट्टी विचारून घ्यायला लावतात आणि कागदावर फ्रीलान्सर दाखवतात. मला ते पटत नाही. वाद झाला तर कागदावरचं नाव पाहत नाहीत, काम कसं करून घेतलं ते पाहतात.

फोटो मात्र बाहेरूनच. एक दिवस, ९,००० रुपये, ४० फोटो, वर्षभर पुरतात. हिशेबही बाहेरच बरा, जीएसटीचे रिटर्न भरणारा माणूस रोज लागत नाही. डिझाइन त्याच जुन्या डिझायनरकडे आहे, आमचं आता चांगलं जमतं. पूर्णवेळ मुलीचा पगार जूनपासून १८,००० करणार आहे. पुढच्या फेब्रुवारीसाठी चार महिन्यांपुरती आणखी एक मुलगी लागेल. ती दिवाळीनंतर लगेच शोधायला घेणार, म्हणजे सीझन चढायच्या आत ती महिनाभर गिरणीत उभी राहून मिरच्या ओळखायला शिकेल.