मेडलाइनप्लस, एनएचएस आणि आई-बाबांच्या गोळ्यांचा डबा : काही महिन्यांच्या वापरानंतर

मेडलाइनप्लस फुकट आहे, नोंदणी मागत नाही आणि जाहिरात तिथे औषधालाही सापडत नाही. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९८ मध्ये सुरू केलेली ही आरोग्याच्या माहितीची साइट मी दिवाळीपासून आई-बाबांच्या गोळ्यांसाठी वापरतेय, जोडीला ब्रिटनच्या एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची. माहिती अस्सल आहे याबद्दल आता मनात शंका नाही. घोडं अडतं ते दुसरीकडेच. शरीर जगभर सारखंच असलं तरी औषधांचा बाजार सारखा नाही, आणि या साइट दुसऱ्यांच्या बाजारासाठी लिहिलेल्या आहेत.

पहिली कसरत नावांची. आपल्या घरात गोळी ब्रँडवरून ओळखली जाते, नाहीतर रंगावरून. बाबांच्या लेखी "सकाळची गुलाबी" आणि "रात्रीची अर्धी" एवढंच. आपल्याकडचे ब्रँड तिथे टाकले की बहुतेकदा हाती काहीच लागत नाही. स्ट्रिप उलटी करून मूळ औषधाचं नाव शोधावं लागतं. केमिस्टने पाच गोळ्या कापून दिल्या असतील तर ते नाव नेमकं त्याच्याकडे राहिलेल्या तुकड्यावर असतं. त्यामुळे आता मी अख्खी स्ट्रिपच मागते. ब्रँडच्या शेपटालाही अर्थ असतो, तो हळूहळू कळतो. बीपीच्या गोळीपुढे "एएम" असेल तर आत बहुधा अॅम्लोडिपिन, "एच" असेल तर पाणी उतरवणारं औषध, डायबेटिसच्या गोळीपुढे "एम" म्हणजे बहुधा मेटफॉर्मिन. दोन शेपटं लागली की एका गोळीत तीन औषधं, आणि मग तिन्ही पानं वेगवेगळी वाचायची. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झालाय. तो स्कॅन केला की मूळ नाव मिळतं, डोळे फोडायला नकोत.

मूळ नाव मिळालं तरी अमेरिकन पंचाईत उरतेच. पॅरासिटामॉल तिथे अॅसिटअमिनोफेन, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. ब्रिटिश नावं आपल्यासारखीच, म्हणून नावावर अडले की मी आधी एनएचएस उघडते.

साइटने पैसे वसूल केले (फुकट असूनही) ते आईच्या थायरॉइडच्या गोळीवर. लेव्होथायरॉक्सिनच्या पानावर स्वच्छ लिहिलंय : रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तासांचं अंतर. आई दोन्ही गोळ्या तळहातावर घेऊन सकाळच्या चहाबरोबर घशाखाली घालत असे. कॅल्शियम वेगळ्या डॉक्टरांनी दिलेलं, थायरॉइडची गोळी वेगळ्या, आणि दोन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर कधी आल्याच नव्हत्या. आमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर ढकललं. तसंच बाबांच्या घोट्यावरच्या सुजेचं. घरात "मीठ जास्त झालं" यावर एकमत झालेलं असताना अॅम्लोडिपिनच्या पानावर पाय सुजणं दुष्परिणामांत ठळक सापडलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी१२ कमी पडू शकतं, हे मात्र एनएचएसवर वाचलं. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे ही तपासणी मी स्वतःहून सुचवली.

आता उणं. बाबांच्या डायबेटिसच्या गोळीतलं दुसरं औषध विल्डाग्लिप्टिन. आपल्याकडे कुठल्याही केमिस्टकडे मिळतं, पण अमेरिकेत त्याला मंजुरीच नाही, त्यामुळे मेडलाइनप्लसला ते ठाऊकच नाही. सांधेदुखीवर सर्रास दिलं जाणारं एटोरिकॉक्सिब आणि घरोघरी असलेलं निमेसुलाइड यांचंही तेच. नवखा माणूस यातून दोन टोकाचे अर्थ काढेल : औषध बोगस आहे, किंवा त्याचे दुष्परिणामच नाहीत. दोन्ही चूक. विल्डाग्लिप्टिनची माहिती मला युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या साइटवर, सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या सोप्या गोषवाऱ्यात मिळाली.

फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डसाठी या दोन्ही साइट तोकड्या पडतात. तिथे कोक्रेन (उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) आणि पबमेड (वैद्यकीय संशोधनलेखांची सूची) लागतं. दालचिनीने साखर उतरते म्हणून मावशीने धरलेला आग्रह घ्या. कोक्रेनने २०१२ मध्ये १० चाचण्या, एकूण ५७७ माणसं, असं सगळं एकत्र तपासलं आणि डायबेटिससाठी दालचिनी द्यावी इतका पुरावा नाही असं सांगितलं. सोप्या इंग्रजीतला सारांश फुकट वाचता येतो. साखरेवरच सुचवल्या जाणाऱ्या भेंडीच्या पाण्याची गंमत याहून मोठी. पबमेडवर त्याचे अभ्यास आहेत, पण बरेचसे उंदरांवरचे, आणि २०११ च्या एका अभ्यासात तर भेंडीच्या अर्काने उंदरांच्या शरीरात मेटफॉर्मिनचं शोषणच घटलेलं दिसलं. उंदरांत दिसलं ते बाबांमध्ये दिसेलच असं नाही. पण मग साखर उतरल्याचं जे दिसलं, तेही उंदरांतच! पबमेड हे कपाट आहे, तीन कोटींहून जास्त नोंदींचं. तिथे लेख सापडला म्हणजे सरकारने शिक्का मारला असं होत नाही. डावीकडच्या फिल्टरमध्ये "सिस्टिमॅटिक रिव्ह्यू" (सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) निवडला की गाळ बराच खाली बसतो.

मेडलाइनप्लसवर वेबसाइट कशी पारखावी याचा एक छोटा पाठही आहे. दोन काल्पनिक साइट शेजारी ठेवून ती कोण चालवतं, पैसा कोण देतं, मजकूर कुणी तपासला, हे बघायला शिकवतात. मला त्यातली पैशाची बाजू सगळ्यात कामाची वाटली. तारखेचंही महत्त्व आहेच. एनएचएस तर पान कधी तपासलं आणि पुढे कधी तपासणार हेही छापतं. पण ताज्या तारखेखाली पावडरचा डबा विकणारे कमी नाहीत. लेख संपता संपता "आत्ताच मागवा" आलं की मी टॅब बंद करते, मग वर डॉक्टरांचा फोटो असो की ऋषींचा.

एनएचएसवर तपासण्यांचे आकडे वाचताना एकक सांभाळा. आपली साखर मिलिग्रॅममध्ये, त्यांची मिलिमोलमध्ये. त्यांच्या आकड्याला १८ ने गुणायचं. म्हणजे त्यांचे ७ हे आपले १२६. एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ४८ वाचून घाबरू नका, ते आपले ६.५ टक्के. आणीबाणीत ९९९ फिरवा म्हणतात, आपल्याला १०८. खाण्यापिण्याच्या सल्ल्यात भाकरी, आमटी, पोहे यांचा पत्ता नाही, त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहार-मार्गदर्शिका उघडली. ती चांगली आहे, पण जाडजूड पीडीएफ; फोनवर वाचणं म्हणजे शिक्षा.

माझी सगळ्यात मोठी तक्रार भाषेची. आईला यातलं काहीही स्वतः वाचता येत नाही. मी मराठीत सांगते तेव्हा ती "हे तुझं मत की त्यांचं?" असं विचारते, आणि प्रश्न रास्त आहे. ब्राउझरचं मराठी भाषांतर आशय समजायला चालतं. डोस, तास आणि "घेऊ नये" असलेल्या वाक्यांसाठी मी ते वापरत नाही.

गुण द्यायचे तर औषधांच्या माहितीला मेडलाइनप्लसला पाचपैकी चार, विल्डाग्लिप्टिनने एक खाल्ला. लक्षणांसाठी एनएचएसला साडेचार. आहारासाठी दोघांनाही दीड, तोही मिठाच्या सल्ल्याबद्दल.