लाल स्विफ्टचे तेरा महिने, आणि घरातल्याच दोन टर्बो गाड्या

२०२४ च्या दिवाळी पाडव्याला स्विफ्ट झेडएक्सआय, मॅन्युअल गिअरची, रत्नागिरीत घरी आली. आज मीटरवर १७,४०० किलोमीटर आहेत. माझं काम लॉजवाल्यांना सोलरचे बंब बसवून देण्याचं. त्यामुळे गणपतीपुळे, मालगुंड, जयगड हा रस्ता आठवड्यातून तीनदा, आणि फेरीबोटीने पलीकडे तवसाळला उतरून गुहागर महिन्यातून दोनदा. कोल्हापूरला माल आणायला आंबा घाट चढावा लागतो तो वेगळा.

गाडी बघत होतो तेव्हा यादीत तीन नावं होती: स्विफ्ट, ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन आणि टाटाची अल्ट्रोझ रेसर. शेवटच्या दोन्ही टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या. मी स्विफ्ट घेतली. पुढच्या तीन महिन्यांत भावोजींनी एन लाइन घेतली आणि पनवेलच्या मावसभावाने नारिंगी रेसर. त्यामुळे त्या दोन्ही गाड्या मी शोरूमच्या वीस मिनिटांच्या चकरेपुरत्या नाही, तर लग्नाकार्यात, गणपतीत, पावसात, रात्री-बेरात्री चालवल्यात. म्हणून तिन्हींबद्दल लिहितोय. फ्रॉन्क्स टर्बोही बघितली होती. १०० पीएस ताकदीचं बूस्टरजेट इंजिन गोड आहे आणि १९० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, आपल्याकडे सोन्यासारखा. पण मला रस्त्याला चिकटून बसणारी गाडी हवी होती, उंच बसायचं नव्हतं. तिथे ती यादीतून गेली.

आधी दिसण्याबद्दल, कारण पैसे देताना आपण सगळेच ते बघतो. तिघींत उठून दिसते रेसर. बॉनेटपासून टपापर्यंत काळा रंग, त्यावर दोन पांढरे पट्टे, आत एसीच्या जाळीभोवती नारिंगी कडा. गणपतीत ती अंगणात उभी होती तेव्हा वाडीतली सगळी पोरं तिच्याभोवती होती. एन लाइनचं रूप जरा मुरलेलं: मागे दोन तोंडांचा सायलेन्सर, लाल ब्रेक कॅलिपर, आत लाल शिलाई. मला स्वतःला तीच जास्त आवडते. स्विफ्टचा चेहरा २००५ पासून ओळखीचा, गोलसर. नव्या पिढीत मागच्या दाराचं हँडल खांबावरून परत दारावर आणलंय, आईला ते एकदम बरं पडतं. लाल रंग मी विचार करून घेतला. जांभ्याची धूळ पांढऱ्या गाडीवर दोन दिवसांत दिसते, लाल गाडीवर आठवडा निघतो.

आता चालवण्याबद्दल. कागदावर स्विफ्ट बिचारी वाटते. १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, ८२ पीएस, ११२ एनएम टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर, तोही ४३०० आरपीएमला, इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेईल तेव्हा. रेसर १२० पीएस आणि १७० एनएम, एन लाइन १२० पीएस आणि १७२ एनएम. आणि या दोघींचा टॉर्क दीड-पावणेदोन हजार आरपीएमपासूनच हाताशी येतो. हे आकडे वाचून मीही दोन महिने अडून बसलो होतो. पण सागरी मार्गावर ताशी ८० चा वेग सलग दोन मिनिटं मिळाला तर नशीब. इथे सगळा खेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये, ३० ते ६० च्या दरम्यान. वळण, उतार, बैलगाडीएवढा पूल, परत चढ, परत वळण. तिथे ताकदीपेक्षा वजन जास्त बोलतं, आणि स्विफ्ट हजार किलोच्याही आत आहे.

आरे-वारेचा घाट घ्या. रत्नागिरीकडून जाताना डाव्या हाताला समुद्र, चढ छोटा, पण वळणं लागोपाठ. स्विफ्टचं नाक तिथे हात हलवल्याबरोबर वळतं. एका वळणातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरताना गाडी अंग सावरायला वेळ घेत नाही. ब्रेकवर नुसता पाय ठेवायचा, दुसरा टाकायचा, स्टिअरिंग वळवायचं, की झालं. क्लच इतका हलका की संध्याकाळी घरी आल्यावर गुडघा दुखत नाही. रेसर त्याच वळणांवर घट्ट बसते, पण तिचं नाक जड वाटतं. आत शिरायला ती किंचित आढेवेढे घेते आणि गिअरचा दांडा लांब फिरवावा लागतो. एन लाइन या रस्त्यावर सगळ्यात नेमकी. स्टिअरिंगला वजन आहे, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि सस्पेन्शन कडक असल्याने गाडी वळणात झुकत नाही म्हटलं तरी चालेल. हाताळणीत पहिला नंबर तिचाच, यात मला शंका नाही. फक्त तो कडकपणा पुढे जयगडकडच्या ठिगळं मारलेल्या रस्त्यावर कमरेला कळतो. मागे बसलेल्या माझ्या आतेने तर अर्ध्या वाटेत पुढची सीट मागून घेतली.

खरी परीक्षा झाली गेल्या गणपतीनंतर. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, तिन्ही गाड्या घरी होत्या, आणि कोल्हापूरच्या पाहुण्यांना सोडायचं होतं. साखरप्याला चहा घेतला आणि तिथून आंबा घाट एकापाठोपाठ एक चढलो. प्रत्येक गाडीत चार माणसं, एसी चालू, पाऊस कधी रिमझिम कधी धो धो. वर आंबा गावात पोचल्यावर चालक बदलायचे, खाली यायचं, परत चढायचं, असं दोनदा केलं.

चार माणसांनिशी स्विफ्ट घाटात दमते, हे स्पष्ट सांगतो. तिसऱ्यात ३५ च्या वेगाला पुढचा ट्रक आडवा आला आणि पाय सुटला की गाडीचा जीव जातो. मग मुकाट्याने दुसरा टाकून इंजिन चार हजारांवर न्यायचं. तीन सिलिंडरचा घरघराट तेव्हा केबिनमध्ये येतो. मागच्या पिढीची चार सिलिंडरची स्विफ्ट ९० पीएसची होती आणि आवाजालाही गोड होती, तिची आठवण इथे येते. ट्रकला ओलांडायचं तर जागा आधी हेरावी लागते, आयत्या वेळी ठरवून चालत नाही.

रेसर त्याच चढावर तिसऱ्यातच शांतपणे खेचत राहते. मागे सामान आहे, चार माणसं आहेत, हे तिला जाणवतच नाही. मावसभाऊ महिन्यातून दोनदा पनवेलहून येतो. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट टळतो, पण परशुराम आणि पुढची चढणं आहेतच, आणि अशा लांब प्रवासाला ही गाडी मला तिघींत सगळ्यात निवांत वाटली. एन लाइनचं एक लिटरचं इंजिन वर फिरायला जास्त उत्सुक, पण १८०० आरपीएमच्या खाली पडलं की क्षणभर थबकतं आणि मग एकदम धाव घेतं. घाटाच्या अगदी आवळलेल्या वळणात दुसरा गिअर ठेवलात तर प्रश्न नाही.

उतरताना एक गोष्ट लक्षात आली, ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. पावसात घाटाच्या आतल्या कडेला शेवाळ धरतं आणि त्यावर पानांचा ओला चिखल असतो. परत चढताना अशाच एका वळणातून बाहेर निघताना दोन्ही टर्बो गाड्यांत, अ‍ॅक्सिलरेटर जरा घाईने दाबला की पुढचं चाक फिरायचं आणि ईएसपीचा, म्हणजे घसरती गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लुकलुकायचा. स्विफ्टमध्ये तो दिवा त्या दिवशी एकदाही दिसला नाही. जोरच बेताचा, चाक सुटणार कशाला? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या जिल्ह्यात चार महिने रस्ता ओलाच असतो. त्या चार महिन्यांत जास्तीच्या ३८ पीएसचा उपयोग मला फार थोड्या वेळा करता आला असता.

महामार्गावर मात्र पारडं उलटं फिरतं. चौपदरी झालेल्या पट्ट्यात शंभराला स्विफ्टचं स्टिअरिंग हलकं वाटतं आणि खाडीवरच्या पुलावर आडवा वारा आला की दोन्ही हात लागतात. एन लाइन आणि रेसर तिथे दगडासारख्या.

अरुंद रस्त्याचं सांगायलाच हवं. समोरून एस.टी. आली की आपल्याला साइडपट्टीवर उतरावं लागतं, आणि डावीकडे गडगा, म्हणजे दगडी कुंपण असतं. स्विफ्ट १७३५ मिलिमीटर रुंद, रेसर १७५५, एन लाइन १७७५. चार सेंटिमीटर ऐकायला काहीच नाहीत. गडग्याचा जांभा आरशापासून बोटभर लांब असताना तेच चार सेंटिमीटर दिसतात. भावोजींच्या डाव्या आरशावर त्याची खूण आहे. आमच्या वाडीच्या टोकाला गाडी वळवायला जागा अगदीच तुटपुंजी, तिथे स्विफ्ट दोन दमात वळते, बाकीच्या दोघी तीन घेतात.

आता माझ्याकडून झालेला एक खर्च, तो तुमचा वाचावा म्हणून. तवसाळच्या फेरीबोटीत चढताना पूर्ण ओहोटी असली की बोटीची फळी धक्क्यावर तिरपी टेकते आणि पुढच्या बंपरची कड घासते. १६३ मिलिमीटर क्लिअरन्सची गाडी आहे, घासणारच. दोनदा ‘खर्र’ असा आवाज ऐकून मी वैतागलो आणि शहरातल्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जाऊन चारही स्प्रिंगांत रबरी बफर बसवून घेतले. दुकानदार म्हणाला, पाऊण इंच उचलेल, बाकी काही फरक पडणार नाही. उचलली खरी. पण दुसऱ्याच दिवशी आरे-वारेच्या तिसऱ्या वळणावर गाडी माझी राहिली नव्हती. खड्ड्यातून चाक गेलं की खाली न दबता उडायची, आणि वळणात मागची बाजू उशिरा मागे यायची. आठ दिवस काढले आणि बफर काढून टाकले. हलक्या गाडीचं सस्पेन्शन कंपनीने फार मोजून बसवलेलं असतं, त्यात रबर कोंबू नका. फेरीला आता मी भरती-ओहोटीची वेळ बघून निघतो, ओहोटी असलीच तर माणसं खाली उतरवून फळीवर गाडी जरा तिरकी घेतो, एक चाक आधी, दुसरं मागून. घासत नाही.

खारा वारा कुठल्याच गाडीला सोडत नाही. जयगडला लॉजच्या मागे गाडी दोन रात्री उभी राहिली की सकाळी पहिल्या ब्रेकला डिस्कवरच्या गंजाची खरखर ऐकू येते, दोन ब्रेकांत जाते. खालून अंडरबॉडी कोटिंग पावसाळ्याआधी करून घ्या, आणि समुद्रावरून आल्यावर चाकांच्या आतल्या बाजूला गोड्या पाण्याचा पाइप मारा. मी दर रविवारी मारतो.

डिकीत स्विफ्ट सरळ हरते. २६५ लिटर. मे महिन्यात पाच डझनी आंब्याच्या पेट्या दोनच नीट बसतात, पुढचं सगळं मागची सीट पाडून. रेसरच्या ३४५ लिटरमध्ये तिसरी पेटी आरामात जाते, आणि तिची दारं ९० अंशांत उघडत असल्याने आजीला आत बसवताना कुणाला वाकावं लागत नाही.

पैशांचं गणित शेवटी, कारण मी ते मांडूनच निर्णय घेतला होता. बाजारात आली तेव्हा, मे २०२४ मध्ये, स्विफ्ट ६.४९ लाखांपासून ९.६४ लाखांपर्यंत होती. रेसर जून २०२४ मध्ये ९.४९ लाखांपासून सुरू झाली, आणि गिअरबॉक्स बदललेली नवी एन लाइन सप्टेंबर २०२३ मध्ये ९.९९ लाखांपासून, सगळ्या किमती एक्स-शोरूम. सहा एअरबॅग तिन्हींत आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आणि तिन्ही गाड्या त्या मापात बसतात. मी वर्षभर आधी २८ टक्के अधिक उपकर भरून घेतली, त्याची हळहळ आहे.

पेट्रोलची वही मी ठेवलीय, दर वेळी टाकी पूर्ण भरून. माझं सरासरी १९.५ किलोमीटर, घाट आणि पावसासकट, कंपनी २४.८ सांगते. मावसभावाला इकडच्या रस्त्यांवर १३.५ मिळतं, भावोजींना साधारण १४. लिटरला १०५ रुपये धरले तर माझ्या १७,४०० किलोमीटरमध्ये रेसरपेक्षा सुमारे ४१,६०० रुपये वाचले. गाडीच्या किमतीतला फरक त्यात धरलेला नाही.

तर आज कोणी विचारलं तर मी गाडी नाही, आधी रस्ता विचारतो. आठवड्याला घाट चढणारा, चार माणसं आणि सामान नेणारा असेल तर रेसर. पैसा थोडा सैल असेल, मागे सहसा कुणी बसणार नसेल आणि चालवण्याची हौस मनापासून असेल तर एन लाइन, डोळे मिटून. माझ्यासारखा किनाऱ्याने एकटा-दुकटा फिरणारा असेल तर स्विफ्ट, आणि ती मॅन्युअलच. भाच्याला पुढच्या महिन्यात गाडी घ्यायचीय. त्याला मी सांगितलंय, टेस्ट ड्राइव्हला घरचे तिघं बरोबर घे, एसी लाव आणि शोरूमवाल्याला म्हण, निवळीचा घाट चढून येऊ.