सबवूफर घेताना वॅट नंतर बघा, आधी मागचं बटण बघा

गेल्या आठवड्यात माझा सबवूफर, म्हणजे फक्त खालचा, जड बेस वाजवणारा वेगळा स्पीकर (पुढे नुसतं 'सब' म्हणतो), दुरुस्त होऊन घरी आला. वॉरंटीत असताना बंद पडला आणि दुरुस्तीचे पैसे मात्र माझ्या खिशातून गेले, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही. १० इंची ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा), पुढे पोर्ट (हवेचं भोक), बावीस हजारांच्या आतबाहेर किंमत, मागे ॲम्प्लिफायरची प्लेट आणि तिच्यावर गेन (आवाजाची पातळी), क्रॉसओव्हर (कुठल्या हर्ट्झच्या खालचा आवाज सबने वाजवायचा) आणि फेज (सबचा आवाज बाकी स्पीकरशी जुळवायचा) यांची बटणं. या किमतीतले बरेचसे सब याच धर्तीचे असतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा घेणाऱ्यालाही हे कामाला येईल.

आवाजाबद्दल तक्रार नाही. आमच्या लातूरच्या घरातली खोली १६ बाय ११ फूट, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. अशा खोलीत लांबीच्या हिशेबाने ३५ हर्ट्झच्या आसपास बेस घुमतोच. कोपऱ्यात ठेवला तर सोफ्यावर नुसता गदारोळ आणि खोलीच्या मध्यभागी काहीच नाही. सब सोफ्यावर चढवला, ४० हर्ट्झचा टोन लावला आणि भिंतीच्या कडेकडेने वाकून ऐकत फिरलो. जिथे आवाज स्वच्छ आणि एकसारखा लागला तिथे सब ठेवला. हा उपाय फुकटात होतो आणि कुठल्याही महागड्या वायरपेक्षा जास्त फरक पाडतो. रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये, सगळे स्पीकर ८० हर्ट्झवर कापले, म्हणजे त्याखालचा आवाज सबकडे वळवला, सबवरचा क्रॉसओव्हर पूर्ण वर नेला म्हणजे दोनदा कापाकापी होत नाही. फेज ज्या बाजूला बेस भरीव वाटला त्या बाजूला.

आता मूळ दुखणं. या सबच्या मागे कायम चालू ठेवण्याचं बटणच नाही. फक्त 'ऑटो'. सिग्नल आला की जागा होतो, पंधरा-वीस मिनिटं काही आलं नाही की झोपतो. कागदावर वीजबचत. युरोपात २०१३ पासून स्टँडबायला अर्ध्या वॅटची मर्यादा आहे, त्यामुळे कंपन्या ही सोय देतात हे मला मान्य. पण ती बंद करायची मुभा ग्राहकाला द्यायला काय हरकत होती?

आमच्याकडे मोठ्या आवाजात सिनेमा होत नाही. आईचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या जवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ती माहेरी होती. सब नवीन असताना एका दृश्यात जमिनीतून आल्यासारखी घरघर झाली, पलीकडच्या स्वयंपाकघरात मांडणीवरचे डबे वाजले आणि आई काही न बोलता उठून अंगणात जाऊन उभी राहिली. त्या दिवसानंतर सब स्वयंपाकघराच्या भिंतीपासून लांब हलवला, खाली जाड रबराची मॅट टाकली आणि आवाज कमी ठेवायचा हे ठरलं. त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नाही.

आणि कमी आवाजातच हा सब दगा देतो. बोलाचालीचा लांब प्रसंग चालू असतो, सबकडे जेमतेम सिग्नल जातो, दिवा हिरव्याचा लाल होतो. मग पाऊस सुरू होतो, मेघगर्जना होते आणि सब जागा होईपर्यंत गर्जना संपलेली असते. मागून 'थप्' असा आवाज, आणि बेस चालू. वर कमी आवाजात माणसाच्या कानाला बेस तसाही कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून मांडलं होतं. म्हणजे जेव्हा सबची गरज जास्त, नेमका तेव्हाच हा झोपलेला.

यावर सापडलेला उपाय सगळ्यांना सांगतो. सबच्या मागचा गेन जास्त असेल तर रिसीव्हरचं सगळ्या स्पीकरची पातळी आपोआप जुळवणारं सेटिंग सबची पातळी उणे १०, उणे १२ डेसिबलवर नेऊन ठेवतं. मग वायरीतून जाणारा सिग्नल इतका बारीक होतो की सबला तो कळतच नाही. म्हणून उलट करायचं. सबचा गेन घड्याळातल्या नऊच्या जागी आणायचा आणि सेटिंग परत चालवायचं. पातळी उणे ३ ते शून्याच्या दरम्यान आली पाहिजे. शून्याच्या फार वर नेऊ नका, आवाज फाटू शकतो. ऐकू येणारा बेस तेवढाच राहतो, पण वायरीतला सिग्नल दणकट होतो आणि सब जागा राहतो. मार्चमध्ये हे जमलं तेव्हा मी मित्रांना हाच सब घ्या म्हणून सांगत होतो.

गेन उतरवल्यावर मागची घूंऽऽ अशी गुणगुणही निम्मी झाली. उरलेली केबल टीव्हीच्या वायरीतून येत होती. ओळखायचं असं: सबची सिग्नलची वायर काढा, गुणगुण थांबली तर सब निर्दोष. मग ती परत लावून सेटटॉप बॉक्सची खांबावरून येणारी वायर काढा. त्याने थांबली तर दोन अर्थिंगचा फेरा झालाय, म्हणजे केबलचं अर्थिंग आणि घरचं अर्थिंग वायरींतून एकमेकांना जोडलं गेलंय. त्या वायरीवर छोटा आयसोलेटर (ही जोडणी तोडणारा तुकडा) बसवला आणि रिसीव्हर, बॉक्स, सब एकाच बोर्डवर घेतले की काम होतं. वायरमनने सबच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला दिला होता. तो कुणीही ऐकू नका, मागची प्लेट धातूची आहे, उद्या आत काही सुटलं तर शॉक बसेल. उलट उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. आपली काळी माती एप्रिलमध्ये भेगाळली की अर्थिंग नावालाच उरतं. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तिथे खड्ड्यात चांगलं पाणी ओतायला हात धजावत नाही. आरओमधून वाया जाणारं पाणी त्याला पुरतं.

मग मे महिना आला आणि माझं मत फिरलं.

दुपारी घरात कुणी काही लावलेलं नसताना सबमधून टक-टक-टक असा बारीक आवाज यायला लागला. दिवा लाल, हिरवा, लाल. दोन दिवसांनी तोही बंद. सर्व्हिस सेंटर छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या वर. फोनवर, सब न बघताच सांगितलं की व्होल्टेजमुळे गेलाय, वॉरंटीत बसत नाही, पूर्ण प्लेट बदलावी लागेल, ७,८०० रुपये. शिवाय मूळ खोका आणि थर्माकोल असेल तरच पाठवा. न उघडता कारण सांगणाऱ्याला मी ७,८०० रुपये का द्यावेत?

इथल्या गंजगोलाई बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी प्लेटचे स्क्रू काढले, आत बॅटरी मारली आणि एका छोट्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा डबीसारखा भाग) बोट ठेवलं. त्याचं डोकं फुगलं होतं आणि बुडाशी तपकिरी चिकट डाग. "भाऊ, बोर्ड कशाला बदलायलाव? मोठा ॲम्प एकदम चांगला हाय. हे स्टँडबायचं सप्लाय हाय, चोवीस तास गरम राहतंय." जुना कपॅसिटर ८५ अंशांपर्यंतची उष्णता सोसणारा होता, त्यांनी १०५ अंशांचा बसवला, शेजारचाही बदलला. साडेतीनशे रुपये, हातात पावती.

म्हणजे गोष्ट परत त्याच बटणापाशी आली. सब वापरा न वापरा, ऑटोचं सर्किट अखंड जागं. बंद लाकडी पेटीत, बाहेर पारा ४० च्या वर. अशा कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं हे इलेक्ट्रॉनिक्समधलं जुनं गणित आहे, आणि कंपनीने तिथे काही रुपये वाचवले. ड्रायव्हर उत्तम, पेटी भक्कम, ॲम्प शाबूत, आणि माल आडवा झाला कशाने तर झोपायच्या सोयीने. याचा मला अजूनही राग आहे.

आता सबसाठी भिंतीवर वेगळा स्विच घेतलाय, सिनेमा संपला की तिथूनच बंद. दुकानात बघायला गेलात तर विक्रेता स्फोटाचा प्रसंग मोठ्याने लावेल. त्याला आवाज घरच्याइतका कमी करायला सांगा, बोलाचालीचा प्रसंग वीस-पंचवीस मिनिटं चालू द्या आणि मागच्या दिव्यावर लक्ष ठेवा. ऑन आणि ऑटो असं दोन्ही देणारं बटण असेल तर हजार-दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही. ते नसेल तर अठरा हजारांच्या वर एक रुपया देऊ नका, आणि घेतलाच तर खोका व थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.