ट्रीजॅक: रंगरूपाआधी मांडणीची परीक्षा

न्यूझीलंडमधील ऑप्टिमल वर्कशॉप या कंपनीचे ट्रीजॅक हे साधन संकेतस्थळाचे एकही पान तयार होण्याआधी त्याची मांडणी तपासून देते. विभाग-उपविभागांची केवळ शब्दांतली उतरंड सहभागी व्यक्तीसमोर ठेवली जाते आणि अमुक गोष्ट तिच्यात कुठे सापडेल, असे प्रश्न विचारले जातात. रंग, चित्रे किंवा शोधखिडकी यांपैकी कशाचाही आधार नसल्यामुळे ती व्यक्ती चुकली, तर दोष बहुधा नावांचा किंवा रचनेचाच असतो.

निकालात किती जण योग्य जागी पोहोचले एवढेच नव्हे, तर किती जण मागे न फिरता थेट पोहोचले हेही वेगळे दिसते, आणि माझ्या मते या साधनाचे खरे मोल या दुसऱ्या आकड्यातच आहे. लोक कोणत्या फांदीवरून कुठे वळले हे दाखवणारी आकृती तर, आपल्याच विभागाचे नाव वर असावे म्हणून अडून बसणाऱ्या खातेप्रमुखांपुढे ठेवण्यासारखी असते.

प्रश्न मात्र जपून लिहावे लागतात. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ‘मुदतवाढ’ असा दुवा असेल आणि प्रश्नातही ‘मुदतवाढ कुठे मिळेल?’ असेच विचारले, तर केवळ शब्दाशी शब्द जुळवला जातो. त्याऐवजी ‘पुस्तक वाचून झालेले नाही, पण परत करण्याची तारीख उद्याची आहे’ असे लिहिणे योग्य.

लोक का चुकले, याचे उत्तर आकड्यांतून मिळत नाही. त्यासाठी कागदावर किंवा फिग्मा या पडद्यांचे आराखडे करण्याच्या साधनात कच्चा नमुना करून चार-पाच जणांशेजारी बसावे, आणि ते अडखळले तरी मदत करण्याचा मोह आवरावा.