लग्नतिथी संपल्यानंतरचा सराव: ‘स्युइट अमेरिकाना क्र. १’

आषाढी एकादशीनंतर लग्नतिथी संपतात आणि गणपतीच्या सुपाऱ्या सुरू होईपर्यंत खान्देशातील बँडवाल्यांना थोडी उसंत मिळते. अमळनेरच्या आम्हा पाच जणांनी यंदा ती एन्रिके क्रेस्पो यांच्या ‘स्युइट अमेरिकाना क्र. १’ या रचनेचे नोटेशन मागवून कारणी लावली. उरुग्वेत १९४१ साली जन्मलेले क्रेस्पो स्वतः ट्रॉम्बोनवादक आणि ‘जर्मन ब्रास’ या पितळी वाद्यांच्या वृंदाचे संस्थापक होते. दोन ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्युबा यांच्यासाठीच्या या रचनेत अमेरिकेचा रॅगटाइम, ब्राझीलचा बोसा नोव्हा, पेरूचा वॉल्ट्झ, अर्जेंटिनाची झांबा आणि मेक्सिकोचा सोन अशा लोकप्रिय चालींवरचे पाच भाग आहेत.

रॅगटाइम आणि वॉल्ट्झ लवकर बसले. खरी परीक्षा झांबाने घेतली. ही ब्राझीलच्या सांब्याहून वेगळी, हातात रुमाल घेऊन नाचायची संथ चाल आहे. सहा मात्रा दादऱ्यामुळे आमच्या अंगवळणी पडलेल्या असल्या, तरी दादऱ्यात त्या तीन-तीन पडतात, तर येथे त्याच सहा मात्रा कधी तीन-तीन, कधी दोन-दोन-दोन अशा मोजाव्या लागतात आणि मोजणारा नेमका वळणावर घसरतो. पायाने ठेका धरण्याची सवय असलेल्या आमच्या ट्रॉम्बोनवाल्याने तिसऱ्या दिवशी तो पाय खुर्चीच्या दांडीत अडकवूनच ठेवला.

फ्रेंच हॉर्न आमच्याकडे नाही. त्याचा एफ पट्टीतला भाग ई-फ्लॅट पट्टीतल्या अल्टो या वाद्यासाठी एक पूर्ण स्वर चढवून हाताने लिहून काढावा लागला. ट्युबाचे काम त्याहून लहान युफोनियमवर भागवताना खालचे काही स्वर सप्तकभर वर उचलले, पण बोसा नोव्हाचा सगळा डौल खर्जावर असल्यामुळे तो भाग पोकळ वाजला. ट्युबा मिळण्यासारखा असेल तरच हा भाग कार्यक्रमात ठेवावा.

विक्रेत्याने मात्र कागद मधोमध घडी घालून पाठवले आणि दुसऱ्या ट्रम्पेटचे पान अजूनही स्टँडवर उभे राहत नाही. तरीही पैसे वसूल झाले, कारण वरातीत पहिला ट्रम्पेट चाल उचलतो आणि बाकीचे मागून भरणा करतात, तशी सोय येथे नाही. दुसऱ्याची ओळ ऐकल्याशिवाय आपली लागत नाही. शेवटचा सोन आम्हाला अद्याप सलग जमलेला नाही, कारण तेथे पोहोचेपर्यंत ओठ थकलेले असतात. तुळशीच्या लग्नाआधी तो पुन्हा काढणार आहोत.